ओळखीची खूण

तिसरीच्या वर्गात प्रणिता घोरपडेने पिठाची चाळणी उंच धरली आणि विचारलं, "हिचं काय काय करता येईल, सांगा बघू."

जूनमध्ये तिने याच मुलांना हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा सगळा वर्ग एका सुरात "पीठ चाळायचं" म्हणाला होता. "आणखी?" म्हटल्यावर मुलं तिच्या तोंडाकडे बघत बसली होती. बरोबर उत्तर तर दिलं, आता बाईंना आणखी काय हवंय, असा प्रत्येकाचा चेहरा. नोकरीला लागल्यापासून ती हा चेहरा बघत आली होती. पहिलीत येणारं पोर ढगाला खुशाल म्हैस म्हणायचं. तिसरीत पोचेपर्यंत तेच पोर दोन डोंगर, मधे सूर्य आणि कडेला नारळाचं झाड काढायला शिकलेलं असायचं. हे शाळेनेच शिकवलेलं असतं हे तिला कळत होतं आणि त्याचा तिला मनस्ताप व्हायचा.

आता डिसेंबर होता. मुलांच्या कपाळावर निळ्या पट्ट्या होत्या आणि वर गेलेले हात खाली यायला तयार नव्हते.

"बाई, उन्हात धरली तर जमिनीवर चांदण्या पडतील."

"बाई, मुंग्यांना घरात घ्यायचं आणि झुरळांना नाही, तर दाराला ही लावायची."

अयान शिकलगार उभा राहिला. "कुणी फार बोलायला लागलं तर त्याच्या तोंडासमोर धरायची. बारीक शब्द येतील, मोठे आतच अडकतील."

सगळे हसले. प्रणिताही हसली. मग दुसऱ्या बाकावरून तिची स्वतःची मुलगी उठली. राही शाळेत आईला इतरांसारखंच 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायची. तसं दोघींचं ठरलेलं होतं.

"बाई, ही चाळणी नाहीच," राही म्हणाली. "ही नुसती भोकं आहेत. ती पळून जाऊ नयेत म्हणून कुणीतरी त्यांना तारेने बांधून ठेवलंय."

प्रणिताच्या अंगावर काटा आला. त्या दिवशी तिला तो आनंदाचा वाटला.

कऱ्हाडपासून अर्ध्या तासावरच्या त्या गावात 'नवल' आलं ते प्रणितामुळेच. पुण्यातल्या एका संस्थेत डॉ. केतकी सबनीस नावाच्या संशोधिकेने 'नवल' नावाची ती निळी पट्टी तयार केली होती, आणि प्रयोगासाठी शाळा हवी होती. पालकसभेत प्रणितानेच ती समजावून सांगितली.

"आपण एखादी वस्तू बघतो तेव्हा मेंदू दोन कामं करतो," ती म्हणाली होती. "एक, ही वस्तू काय आहे ते ओळखतो. आणि दोन, ती आधी पाहिलेली असेल तर तिच्यावर एक खूण करतो. ओळखीची खूण. ती खूण उमटली की मेंदू म्हणतो, झालं, हे माहितीचं आहे, आता शोधत बसायला नको. लहान बाळाकडे अशा खुणा थोड्या असतात, म्हणून ते चमच्याकडेही तासभर बघत बसतं. आठव्या वर्षापर्यंत जवळपास सगळ्या जगावर खुणा झालेल्या असतात. ही पट्टी कानशिलाच्या आतल्या भागाकडे ध्वनिलहरी सोडते. आपल्याला त्या ऐकूही येत नाहीत. तेवढा वेळ ती खूण फिकी पडते. वस्तू काय आहे हे मुलाला कळतं, पण ती पहिल्यांदाच बघतोय असं वाटतं. मग त्याचं डोकं आपोआप धावायला लागतं. पट्टी काढली की सगळं पूर्वीसारखं."

मोठ्या माणसांवर प्रयोग झाले होते आणि त्यांचं खरोखरच सगळं पूर्वीसारखं झालं होतं. पालकांनी सह्या केल्या. पहिली सही प्रणिताची आणि तिच्या नवऱ्याची, विक्रांतची होती.

घरी पहिल्यांदा काही बिनसलं ते इतकं बारीक होतं की लक्षातही येऊ नये. राही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी घेऊ का?"

"घे की. विचारतेस काय?"

राहीने पेला घेतला, पाणी प्यायली, पेला विसळला आणि जिथून घेतला होता तिथे नीट पुसून ठेवला. एरवी तो ओट्यावर लवंडलेला असायचा.

दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "तुम्ही आमटी छान करता."

विक्रांतला ठसकाच लागला. तो दूध संघात कामाला होता, पहाटे जाऊन दुपारी यायचा, आणि संध्याकाळी लेकीशी मस्ती करणं हा त्याचा दिवसातला सगळ्यात मोठा कार्यक्रम असायचा. "अगं, शाळा सुटली. इथे बाई नाहीत, आई आहे."

"हो," राही म्हणाली आणि त्याच्याकडे बघून हसली. पाहुण्यांकडे बघून मुलं हसतात, तशी.

"चांगलं वळण लागलं म्हणायचं," विक्रांत म्हणाला. प्रणिताही तसंच म्हणाली. पण रात्री तिला उगीचच आठवत राहिलं, की राहीने गेल्या आठवड्यात एकदाही तिच्या पदराला हात पुसले नव्हते.

रविवारी सकाळी ती राहीची वेणी घालायला बसली. राहीच्या केसांत गुंता फार, त्यामुळे दर रविवारी आरडाओरडा ठरलेला. त्या दिवशी राही गप्प होती. पाठ ताठ, हात मांडीवर. फणी अडकली तेव्हा तिच्या खांद्याला झटका बसला, पण तिने तोंडातून आवाज काढला नाही.

"दुखलं का गं?"

"नाही. चालेल."

"राही, तू माझ्याशी अशी का बोलतेस?"

राहीने मांडीवरची बोटं एकमेकांत गुंतवली. मग तिने मान न वळवता विचारलं, "खरं सांगितलं तर तुम्ही रागावाल?"

"नाही रागावणार."

"तुमचा चेहरा आईसारखाच आहे. आवाजपण. तुम्हाला आईचं सगळं माहितीये. पण आई दिसली की मला आत काहीतरी व्हायचं. ते तुम्हाला बघून होत नाही." ती जरा थांबली. "बाबांना बघूनपण नाही होत. हे घरपण तसंच आहे, पण आमचं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही लोक चांगले आहात, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

प्रणिताच्या हातातली फणी तशीच राहिली. समोर तिच्या पोटच्या पोरीची मान होती, मानेवर जन्मखूण होती, आणि त्या मानेच्या पलीकडे कोण बसलंय हे तिला कळेना. तिला ओरडावंसं वाटलं. पण राहीची पाठ आणखी ताठ झालेली दिसली, आणि तिच्या लक्षात आलं की मुलगी घाबरलीये, आणि ती आईच्याच घाबरण्याला घाबरलीये. तिने वेणी पुरी केली. रिबिनीची गाठ तिसऱ्यांदा बसली.

डॉ. केतकींना फोन लावला तेव्हा आधी त्या मोकळेपणाने बोलल्या. मुलं कधीकधी असे खेळ खेळतात, कल्पनाशक्ती वाढली की हेही आलंच. मग त्यांनी विचारलं, "मैत्रिणींशी कशी वागते?"

"नेहमीसारखीच."

"दुकानदार, रिक्षावाले काका?"

"त्यांच्याशीही नेहमीसारखीच. फक्त घरच्यांशी."

फोन कट झाला असं समजून प्रणिताने दोनदा हॅलो म्हटलं.

"मी उद्या येते," डॉ. केतकी म्हणाल्या. "तोवर कुठल्याही मुलाला पट्टी लावू नका."

फोन ठेवते तोच दारात रुक्साना शिकलगार उभी. अयानची आई. तिचं बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान होतं, आणि शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाचे कपडे तीच शिवायची. ती आत येऊन बसली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, एक विचारू? आमचा अयान मला आपा म्हणायला लागलाय. अम्मी म्हणत नाही. माझ्या सासूला सलाम करून बाजूला बसतो. काल मला विचारतो, तुमचा मुलगा कुठे असतो?" तिने दाराची चौकट धरली. "बाई, माझ्या पोराला काय केलंत तुम्ही?"

डॉ. केतकी एका गाडीत यंत्रसामग्री घेऊन आल्या आणि शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी एकेका मुलाच्या मेंदूची चित्रं काढली. चित्रं बघताना त्यांचा चेहरा उतरत गेला. संध्याकाळी त्यांनी पालकांना बसवलं. त्या खुर्चीवर न बसता उभ्या राहूनच बोलल्या.

"चूक माझी आहे. मी मोठ्यांच्या मेंदूवरून लहानांचा अंदाज बांधला. मोठ्यांच्या मेंदूत वाटा पडून गेलेल्या असतात. एखादी वाट थोडे दिवस बंद ठेवली तरी ती बुजत नाही. मुलांच्या मेंदूत वाटा अजून पडत असतात, आणि जिच्यावरून येणंजाणं नाही ती वाट वाढता मेंदू मोडून टाकतो. आम्ही रोज ओळखीची वाट बंद करत होतो. तिचा उपयोग नाही असं मेंदूने ठरवलं."

"मग मित्रांना कसं काय ओळखतात?" कुणीतरी विचारलं.

"ओळखतात सगळ्यांनाच. तुम्हालाही ओळखतात. तुमचं नाव, चेहरा, आवाज, काही विसरलेले नाहीत. दुकानदाराला बघून आपल्या आत काही हलत नाही, त्यामुळे तिथे काही कमी झालंय हे कळत नाही. आईला बघून हलायला हवं. तिथेच ते हलत नाही. मग मूल स्वतःची समजूत घालतं, की ही आईसारखी दिसणारी दुसरी कुणी असणार."

"परत येईल ना ते?" विक्रांतने विचारलं.

डॉ. केतकींनी त्याच्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

पट्ट्या कपाटात बंद झाल्या. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांनी प्रणिताकडेच दिली. आता हळूहळू सुधारणा होईल या आशेवर सगळे होते. पण दिवस गेले तसं वेगळंच काहीतरी व्हायला लागलं. मधल्या सुट्टीत, ज्यांना घर परकं झालं होतं ती तिच्या वर्गातली आठ मुलं कडुनिंबाखाली गोल करून बसायला लागली. राही आणि अयान त्यांत होते. खेळणं नाही, भांडण नाही. डोक्याला डोकं लावून हळू आवाजात बोलायची. प्रणिता जवळ गेली की एकजात उठून उभी राहायची आणि विचारायची, "काही हवंय का, बाई?"

अशा नम्र मुलांची आपल्याला भीती वाटावी याची तिला लाज वाटायची. पण वाटायची. पुढे पुढे ती त्या झाडाकडे जाईनाशी झाली.

शुक्रवारी मधली सुट्टी संपली आणि आठ जागा रिकाम्या राहिल्या.

दारावरच्या शिपायाला विचारलं तेव्हा तो पांढराफटक पडला. मुलं चोरून गेलीच नव्हती. दोघादोघांच्या रांगेत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, परिसर अभ्यासाचं गाणं म्हणत ती फाटकाशी आली होती. पुढच्या मुलीच्या हातात वर्गाची पाटी, मागच्या मुलाच्या हातात प्रथमोपचाराची पेटी. मागे वळून एकजण "बाई, लवकर या" असं मोठ्याने म्हणाला होता. शिपायाने स्वतः फाटक उघडून धरलं होतं.

"मला वाटलं तुम्ही मागून येताय," तो म्हणाला.

गाव बाहेर पडलं. एसटी स्टँड, नदीचा घाट, देवळं, मशीद, आजोळची घरं, सगळीकडे माणसं धावली. घाटावर नावाडी पाण्यात बघत होता, ते प्रणिताने पाहिलं आणि तोंड फिरवलं. दोन वाजून गेले, तीन वाजले. पोलीस आले. त्यांनी विचारलं, मुलं साधारण कुठे जातात? साधारण कुठेही जाणारी ती मुलं उरली नव्हती. सगळ्यात आधी डोक्यात येणारं उत्तर सोडून द्यायला तिनेच त्यांना शिकवलं होतं. गाव जिथे जिथे शोधेल, तिथे ती नसणार.

ती शाळेत परत आली, कपाट उघडलं आणि एक पट्टी काढली. विक्रांत तिच्या मागोमाग आला होता.

"हे काय करतेस?"

"ती कुठे गेलीत ते मला असं बसून कळणार नाही. त्यांना जसं दिसतं तसं मला दिसायला हवं."

"आणि तुझंही तसंच झालं तर? राहीला मी एकट्याने सांभाळायचं? दोघींना?"

डॉ. केतकींना तिने फोन केला होता. मोठ्या माणसाचं परत येतं, त्या म्हणाल्या होत्या, पण वर्गात वापरायचा तेवढाच वेळ आणि तेवढ्याच जोराने. त्याहून जास्त कुणी केलेलं नाही. प्रणिताने पट्टी कपाळावर बांधली आणि जोर शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. तिने ते विक्रांतला सांगितलं नाही.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग तिने फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर अक्षर होतं. सुरेख, गोल, उजवीकडे झुकलेलं. हे माझं अक्षर, असं तिला माहीत होतं, जसं एखाद्या गावाचं नाव नकाशावर वाचून माहीत असतं. तिने मान वळवली. दारात एक माणूस उभा होता. कपाळावर धुळीची रेघ, भुवई मधे तुटलेली, शर्टाचं एक बटण सैल. हा विक्रांत. आपलं याच्याशी लग्न झालंय. हेही माहीत होतं. पण त्याच्याजवळ एकटं असायला नको, असं तिला वाटलं, आणि तिने एक पाऊल मागे घेतलं.

"प्रणिता?" तो पुढे आला.

"जवळ येऊ नका," ती म्हणाली. आपण 'नका' म्हणालो, हे तिचं तिलाच उशिरा ऐकू आलं.

ती घरी गेली. तो माणूस अंतर ठेवून मागे येत होता. घर तसंच होतं. पडदे, कपबशा, भिंतीवरचा फोटो. फोटोत ती स्वतः होती, आणि कुणीतरी अतिशय बारकाईने तिच्या आयुष्याची नक्कल करून तिला फसवायला मांडून ठेवली आहे, असं वाटून तिला धाप लागली. जी वस्तू जास्त ओळखीची असायला हवी होती, तीच जास्त टोचत होती. स्वतःची उशी तर तिला बघवेना. आठ वर्षांचं मूल हे कुणाला न सांगता इतके दिवस सोसत होतं, आमटी छान झाली म्हणून सांगत होतं. इथून बाहेर पडायला हवं, एवढंच तिला कळत होतं.

ती बाहेर पडली. आळीत टोचणं कमी झालं. रस्त्यावर आणखी कमी. कुठे जातोय याचा विचार न करता, जिकडे कमी टोचेल तिकडे ती चालत राहिली. गावाबाहेर पाण्याच्या टाकीजवळ तिने गावाकडे पाठ केली. समोर ऊस होता. तोडणीला आलेला, पुरुषभर उंच, ओढ्यापासून पार नदीपर्यंत. गेल्या वर्षी याच फडात बिबट्याने वासरू नेलं होतं, म्हणून तिथे कुणी मूल पाठवत नसे, आणि म्हणूनच दुपारपासून तिथे कुणी शोधलंही नव्हतं. बिबट्या आठवला, पण त्या आठवणीबरोबर जी भीती यायला हवी ती आली नाही. हे तिने ताडलं, आणि मुलांनाही ती आली नसेल, हे तिला उमगलं.

ती आत शिरली. पानांच्या कडा हात चिरत होत्या. पाच-पंचवीस पावलांत रस्ता दिसेनासा झाला. इकडे ऊस, तिकडे ऊस, मागे वळावं तरी ऊस. कुठलाच कोपरा दुसऱ्याहून ओळखीचा नव्हता, आणि तो असावा अशी अपेक्षाही नव्हती. छातीतलं टोचणं थांबलं.

मागे त्या माणसाचा आवाज येत होता, "प्रणिता, कुठे आहेस?" तिने उत्तर दिलं नाही. ती कान देऊन उभी राहिली. आणि मग, फार लांबून नाही, गाणं ऐकू आलं. परिसर अभ्यासाचं.

थोडी जागा पाय देऊन मोकळी केलेली होती. उसाच्या वाळक्या पानांच्या पाचटावर आठ मुलं गोल करून बसली होती. मधे प्रथमोपचाराची पेटी उघडी होती, आणि एका मुलाच्या चिरलेल्या हाताला पट्टी बांधणं चाललं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पळाली नाहीत.

त्यांतल्या एका मुलीला दोन वेण्या होत्या. मानेवर खूण होती. प्रणिताने तिच्याकडे पाहिलं आणि वाट बघितली. काहीतरी उसळून यायला हवं होतं. आलं नाही. ती एक आठ वर्षांची मुलगी होती, गुडघे मळलेले, ओठ सुकलेले. बस. आयुष्यात प्रणिता कधीही इतकी घाबरली नव्हती.

मुलगी तिच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघत होती.

"तुम्हालापण तसं होतंय का?" तिने विचारलं.

"हो."

"घर?"

"घरात तर थांबवेना."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. अयान म्हणाला, "इथे बरं वाटतं ना? इथे सगळंच सारखं आहे. काही चुकीचं वाटत नाही. आम्ही झाडाखाली बसून शोधून काढलं."

"बरं वाटतं," प्रणिता म्हणाली. ते खरं होतं. तिलाही खाली बसावं आणि उठूच नये, असं वाटत होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि पाचटावर सावल्या लांब होत होत्या.

"मला बघून तुम्हाला आत काही होतंय?" त्या मुलीने विचारलं.

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "नाही होत."

मुलीने मान हलवली. तिला राग आला नव्हता. ती विचार करत होती. "मग तुम्ही मला शोधायला का आलात?"

प्रणिताला उत्तर शोधावं लागलं.

"कारण मला माहीत आहे, की तू माझी मुलगी आहेस," ती म्हणाली. "वाटत नाहीये. पण माहीत आहे. आता अंधार पडेल, इथे जनावर आहे, आणि तू इथे आहेस. एवढं मला पुरलं."

"वाटत नसताना येता येतं?"

"आले की मी."

उसाच्या पानांतून वारा गेला. कुठेतरी जवळच काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला, आणि प्रणिताने वळून पाहिलं. तो विक्रांत होता की आणखी कोण, ते दिसत नव्हतं. मुलं मात्र शांत होती. कुणाचाही श्वास वाढला नव्हता. ती शांतताच तिला जास्त भयंकर वाटली.

"घरी जाऊन टोचेल," राही म्हणाली.

"टोचेल. मलापण टोचेल. टोचलं की मला सांग. मी तुला जवळ घेणार नाही, रडणार नाही, मीच तुझी आई असं म्हणणार नाही. तिथे राहायचं एवढंच. माहीत आहे म्हणून."

राहीने इतरांकडे पाहिलं. ते सगळे मिळून ठरवायचे, हे प्रणिताला तेव्हा कळलं. अयान सगळ्यात आधी उठला. त्याने पेटी बंद केली आणि म्हणाला, "शिवणकामवाल्या आपांना पण माहितीच असेल ना?"

"रुक्साना दुपारपासून नदीवर उभी आहे," प्रणिता म्हणाली.

मुलं दोघादोघांच्या रांगेत उभी राहिली.

मुलांचं गाणं ऐकून विक्रांत मागे फिरला होता आणि त्याने बांधावर ट्रॅक्टरची ट्रॉली आणून ठेवली होती. मुलांना त्याने एकेक करून वर घेतलं. पट्टी प्रणिताने फडातच काढली होती. ट्रॉली गावाजवळ आली तेव्हा तिने सहज समोर पाहिलं आणि चालवणाऱ्या माणसाची पाठ एकदम विक्रांतची पाठ झाली. पुढच्याच क्षणी तिची नजर राहीवर गेली. जे उसळून यायला हवं होतं ते आता आलं, एवढ्या जोराने की तिच्या तोंडून हुंदका निघाला. राहीने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि अंग चोरलं. प्रणिताने ट्रॉलीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तोंड रस्त्याकडे फिरवलं. तिचं परत आलं होतं. आता या ट्रॉलीत ती एकटीच तशी होती.

त्यानंतर 'नवल' बंद झालं, निदान त्या शाळेत. डॉ. केतकींनी सगळं जाहीरपणे सांगितलं आणि नोकरी गमावली. दर महिन्याला त्या मुलांची चित्रं काढायला यायच्या. बुजलेल्या वाटेच्या जागी काही उगवतंय का, ते बघायच्या. कधी म्हणायच्या, एखादी रेघ दिसते. कधी काहीच म्हणायच्या नाहीत. प्रणिताला लांबलांबच्या शाळांतून फोन यायचे. ती एकही गोष्ट न लपवता सांगायची. लोक हळहळायचे, आणि फोन ठेवण्याआधी हमखास विचारायचे, "पण मुलं हुशार झाली ना?"

राही खरोखरच हुशार झाली होती. अंगणात तिने डबे आणि सायकलच्या तारा जोडून पाण्याचं एक वाद्य केलं होतं, बघायला आळीतले लोक यायचे. ती घरात नीट वागायची. टोचलं की सांगायची, "आता टोचतंय." मग प्रणिता आणि विक्रांत दुसऱ्या खोलीत जायचे आणि गप्प बसून राहायचे, बाहेरून ती बोलवेपर्यंत. कधी बोलवायची, कधी नाही. झोपलेल्या राहीच्या केसांवरून हात फिरवायची प्रणिताला फार इच्छा व्हायची. ती दारातून परत फिरायची. परकी बाई झोपेत आपल्यावर वाकलीये असं वाटून जाग येणं काय असतं, याची तिला आता पुरती कल्पना होती.

शाळा सुटली की प्रणिता मुद्दाम पुढे निघून यायची. राहीला सोबत नको असायची. ती मैत्रिणींबरोबर यायची, आणि वाटेत तो फाटा होता, जिथून एक रस्ता आळीकडे वळतो आणि एक टाकीकडे, उसाच्या दिशेने जातो. घरी पोचल्यावर प्रणिता चहाचं आधण ठेवायची आणि खिडकीपाशी न जाता ओट्याशी उभी राहायची. आधण उकळून आटून जायचं. तिचे कान फक्त रस्त्याकडे लागलेले असायचे. पोरगी घरी येते ती ओढीने नाही. रोज त्या फाट्यावर उभी राहून ती ठरवते, आणि मग येते. आज ठरवलं नसेल तर?

दार वाजलं.

"आले," राही म्हणाली.

"ये," प्रणिता म्हणाली. तिने दोन्ही हात ओट्यावर टेकवून धरले. तिने मागे वळून पाहिलं नाही.